आधी दिसतं तेवढंच लिहा

भिंतीवर एक कृष्णधवल फोटो आहे. मधोमध एक बाई बसलेली. तिच्या दोन्ही बाजूंना दोन मुलं, पाठमोरी, तिच्या खांद्यांशी तोंड लपवलेली. मांडीवर कापडात गुंडाळलेलं तान्हं. बाईचा एक हात गालाशी गेलाय, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी आहे. बाहीची कड विरलेली.

वर्गाला काम दिलंय ते असं. पुढची दहा मिनिटं या फोटोत जे दिसतं तेवढंच लिहायचं. 'दुःख', 'गरिबी', 'चिंता', 'माया' हे शब्द वापरायचे नाहीत. 'आई' हा शब्दसुद्धा नाही, कारण ती आई आहे हे तुम्हाला दिसलेलं नाही, तुम्ही ते ठरवलंय.

पहिली दोन मिनिटं सगळे भराभर लिहितात. तिसऱ्या मिनिटाला पेनं थांबतात आणि माना वर होतात. मग कुणीतरी हळूच उठून भिंतीजवळ जातं, वाकून बघतं, परत येऊन एक ओळ लिहितं. माझ्या मते तास तिथे सुरू होतो.

हा तास चित्रकलेचा किंवा फोटोग्राफीचा नाही, निबंधाचा आहे. अमेरिकेत कॉलेजात आलेल्या बहुतेक मुलांना, मग ती इंजिनिअरिंगची असोत की नर्सिंगची, पहिल्या वर्षी लेखनाचा एक विषय घ्यावाच लागतो. त्याला तिथे 'फर्स्ट इयर कॉम्पोझिशन' म्हणतात. पदव्युत्तर शिक्षण घेताना फीचा मेळ बसावा म्हणून मी हा विषय दोन वर्षं शिकवला. शिकवणारे बरेचसे असेच असतात, स्वतः विद्यार्थी असलेले. आपल्याकडून तिकडे पदवीसाठी जाणाऱ्या मुलांनाही हा विषय पहिल्याच सत्रात भेटतो, आणि बारावीला मराठी-इंग्रजीत उत्तम गुण मिळवलेली मुलं पहिल्या निबंधावरचे शेरे बघून हबकतात. त्यांच्यासाठी, आणि इथे लेखन शिकवणाऱ्यांसाठीही, हा सगळा खटाटोप नेमका काय असतो ते सांगते.

विषय तसा जुना आहे. १८७४ मध्ये हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध घालायला सुरुवात केली. नावाजलेल्या शाळांतून आलेल्या मुलांचं लेखन बघून प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला, आणि १८८५ पासून नव्या मुलांसाठी 'इंग्लिश ए' नावाचा वर्ग उभा राहिला. पुढे तोच नमुना देशभर पसरला. त्या वर्गात काय वाचायला द्यायचं आणि कशावर लिहायला लावायचं, यावरचा वाद मात्र अजून चालू आहे. साहित्य? वर्तमानपत्रातले लेख? स्वतःचे अनुभव? या वादात पुढे चित्रंही आली: जाहिराती, बातम्यांतले फोटो, पोस्टर्स, पुतळे, दुकानांच्या पाट्या, नोटांवरचे चेहरे. या सगळ्याला मिळून दृश्य-संस्कृती म्हणतात. शब्द जड असला तरी अर्थ साधा आहे. आपल्याला दिवसभर जे जे दाखवलं जातं ते, आणि ते कोण, कुणाला, कशासाठी दाखवतं हेही.

पण लिहायला शिकवायचं तर चित्र कशाला? त्यासाठी मुलं निबंधात नेमकी कुठे अडखळतात ते बघावं लागेल.

निबंधातला मुद्दा उभा राहायला तीन गोष्टी लागतात: म्हणणं, पुरावा आणि दोन्हींना जोडणारा सांधा. म्हणणं सगळ्यांकडे असतं. पुरावाही कुठून तरी उचलून आणता येतो. गाडी अडते ती सांध्यापाशी, म्हणजे या पुराव्यावरून ते म्हणणं कसं निघतं ते सांगताना. मजकुरावर निबंध लिहायला दिला की ही अडचण झाकून जाते. मुलं मूळ लेखातली दोन वाक्यं अवतरणात टाकतात, पुढे तेच आपल्या शब्दांत पुन्हा सांगतात, आणि पान भरतं. शब्दांवर शब्द चढवलेले असतात आणि विचार जागचा हललेला नसतो.

चित्रापुढे ही पळवाट बंद होते, कारण चित्राचं अवतरण देता येत नाही. त्या बाईचा गालाशी गेलेला हात वहीत आणायचा तर त्यासाठी शब्द तुम्हालाच शोधावे लागतात. 'हात गालावर आहे' म्हणायचं, की 'बोटं गालाला जेमतेम लागली आहेत' म्हणायचं? शब्द निवडताक्षणी तुम्ही बाजू घेतलेली असते. वर्णन करणं म्हणजेच अर्थ लावायला सुरुवात करणं, ही गोष्ट व्याख्यान देऊन कुणाला पटत नाही. दहा मिनिटं भिंतीकडे बघितल्यावर पटते.

आणखी एक फायदा व्यवहाराचा आहे. चित्र सगळ्यांसमोर एकच असतं. कुणी काही म्हटलं की बाकीचे तिथल्या तिथे पडताळून पाहू शकतात. कलासंग्रहालयांत मुलांशी चित्रांबद्दल कसं बोलावं याची एक पद्धत अबिगेल हाउसन आणि फिलिप येनवाइन या दोघांनी अमेरिकेत रुळवली. तिचा गाभा एका साध्या प्रश्नात आहे: असं तुला इथलं काय बघून वाटतं? 'ती हरलेली वाटते.' काय बघून? 'खांदे.' खांद्यांचं काय? 'दोन्ही खांद्यांवर कुणीतरी रेललंय, तिला ते हलवताच येणार नाहीत.' बघा, 'हरलेली' गेलं आणि 'अडकलेली' आलं. मुद्दा बदलला, आणि तो पुराव्याने बदलला.

आता फोटोबद्दल. कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर तो १९३६ च्या सुरुवातीला डोरोथिया लँग यांनी काढला. महामंदीचा काळ होता. गारठ्याने पीक हातचं गेलं होतं आणि मजुरांना काम नव्हतं. लँग सरकारी खात्यासाठी फोटो काढत होत्या. फोटो मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात आला, तळावर सरकारी धान्य पोचलं, आणि पुढे 'मायग्रंट मदर' या नावाने तो त्या सबंध काळाचा चेहरा होऊन बसला.

ही माहिती मी वर्गात पहिल्या दिवशी सांगत नसे. आधी सांगितली तर मुलं फोटो बघायचं सोडून माहिती लिहायला लागतात. पहिल्या दिवशी फक्त दिसतं ते. दुसऱ्या दिवशी मी त्याच बाईचे लँग यांनी काढलेले बाकीचे फोटो दाखवी. एकात सगळा तंबू दिसतो, भोवतीचं मोकळं रान दिसतं, एक मोठी मुलगी बसलेली दिसते. मग कॅमेरा जवळ जवळ सरकत गेलाय. तंबू गेला, रान गेलं, मोठी मुलगी गेली. बाईला तेव्हा सात मुलं होती, गाजलेल्या फोटोत तीनच आहेत. त्यातल्या दोघांचे तर चेहरेही दिसत नाहीत.

वर्गात इथे हमखास एखादा उसळतो. 'म्हणजे फसवणूकच की!' मला हा क्षण फार आवडायचा, कारण इथून पुढे निबंध कुठेही जाऊ शकतो. फसवणूक म्हणायचं तर ते सिद्ध करा. चौकटीबाहेर काय ठेवलं ते सांगा, आणि ते आत असतं तर काय वेगळं वाटलं असतं तेही सांगा. सात मुलं दिसली असती तर बघणाऱ्याने हळहळण्याऐवजी 'इतकी कशाला?' असा हिशेब मांडला असता का? मोठी मुलगी दिसली असती तर बाई इतकी एकटी वाटली असती का? फोटो काढणारीने निवड केली हे खरंच आहे. पण कालच्या तासाला 'गालाला जेमतेम लागलेली बोटं' लिहिणाऱ्यानेही निवडच केली होती.

तिसऱ्या दिवशी मथळे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये या फोटोबरोबर जी ओळ आहे तिचा मथितार्थ असा: कॅलिफोर्नियातले निराधार वाटाणा-मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस. बत्तीस ऐकलं की वर्ग गप्प होतो. पन्नाशीची समजले होते सगळे. फोटो तोच, एका आकड्याने चेहरा बदलला.

चित्राला शब्द काय करतात, यावर रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९६४ मध्ये एक निबंध लिहिला होता. त्यासाठी त्याने निवडलं काय, तर पान्झानी कंपनीच्या पास्त्याची जाहिरात. जाळीची पिशवी अर्धवट उघडी, तिच्यातून पास्त्याची पाकिटं, टोमॅटो, कांदे, मिरच्या बाहेर आलेल्या. बार्थ म्हणतो, कंपनी फ्रेंच, पण नाव, टोमॅटो आणि हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांचा मेळ मिळून फ्रेंच गिऱ्हाइकाला 'इटली' विकली जातेय. खुद्द इटालियन माणसाला त्यात विशेष काही जाणवणार नाही. चित्राचे अर्थ चहूकडे सुटू पाहतात आणि शब्द त्यांना एका जागी धरून ठेवतात, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्याने जहाजाच्या नांगराची उपमा वापरली. मी मराठीत सांगताना खुंटा म्हणते. म्हैस चरते, पण दाव्याच्या लांबीएवढीच.

आणि खुंटाच चुकीच्या जागी ठोकलेला असला तर? फोटो काढल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९६० मध्ये, लँग यांनी एका मासिकात लिहिलं की त्या कुटुंबाने खाण्यासाठी नुकतेच गाडीचे टायर विकले होते, आणि आपण त्या बाईला नावही विचारलं नाही. तिचं नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये: फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. टायरची गोष्ट तिच्या घरच्यांनी साफ नाकारली. आमची गाडी बिघडली होती, तळावर आम्ही त्यामुळे थांबलो होतो, असं त्यांचं सांगणं. आपल्याला या फोटोतून एक पैसा मिळाला नाही याचा बाईंना राग होता. शिवाय त्या चेरोकी होत्या, म्हणजे मूळनिवासी वंशाच्या. अमेरिकेने मात्र चाळीस वर्षं त्या फोटोत एक गोरी शेतकरीण पाहिली.

आता पहिल्या दिवशीच्या वह्या परत काढायच्या. 'गोरी बाई' असं कुणी कुणी लिहिलं होतं? हात वर होतात, थोडे ओशाळे. दिसतं तेवढंच लिहा म्हटलं होतं ना!

एका फोटोवर तीन तास घालवणं काहींना चैन वाटते. माझ्याबरोबर शिकवणारे काही जण आठवड्याला पाच-सहा चित्रं उरकायचे, प्रत्येकाला अॅरिस्टॉटलचे तीन शब्द लावून: इथॉस, पॅथॉस, लोगॉस. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना, युक्तिवादाचा तर्क. शब्द चांगले आहेत, अडीच हजार वर्षं टिकलेत ते उगाच नाही. पण नवख्या मुलांच्या हातात तो तीन कप्प्यांचा डबा होतो. दिसेल ते उचलायचं, एका कप्प्यात टाकायचं, झाकण लावायचं. 'या जाहिरातीत बाळ आहे, म्हणून पॅथॉस.' बरं, मग? पुढे काही येत नाही.

आता थोडं वाक्यांकडे वळू, कारण शेवटी गुण मिळतात ते वाक्यांना. इथे परत आल्यावर पदवीच्या मुलांना मी हाच फोटो मराठीत लिहायला दिला. पहिल्या खर्ड्यातली ही दोन वाक्यं, मुलाच्या परवानगीने:

'सदर छायाचित्र गरिबीचे विदारक दर्शन घडवते. आईच्या चेहऱ्यावरील भाव पाहून कोणाचेही मन हेलावून जाते.'

शुद्धलेखन चोख आहे, आणि दहावीला याला पैकीच्या पैकी मिळाले असते. 'सदर', 'विदारक दर्शन', 'मन हेलावणे', सगळं गाईडातून आलेलं. मी त्याला एवढंच विचारलं, की ही वाक्यं दुष्काळाच्या एखाद्या फोटोखाली चिकटवली तर चालतील का? पुराच्या? 'चालतील, मॅडम.' मग ती या फोटोबद्दलची नाहीत. तिसऱ्या खर्ड्यात त्याने लिहिलं:

'दोन्ही मुलांनी पाठ फिरवल्यामुळे पाहायला चेहरा एकच उरतो, नजर दुसरीकडे न्यावी म्हटलं तरी जागा नाही. पण तो चेहरा आपल्याकडे बघत नाही. तिने आपल्याकडे पाहिलं असतं तर आपण खजील होऊन नजर वळवली असती. ती पाहत नाही, म्हणून आपण टक लावून बघू शकतो.'

हे वाक्य दुसऱ्या कुठल्या फोटोखाली चालेल? एकही अवघड शब्द नाही त्यात. 'म्हणून' आणि 'असतं तर' या दोन साध्या जोडण्यांनी सांधा भरला गेलाय.

खरं तर हे आपल्याला अगदीच परकं नाही. प्राथमिक शाळेत चित्रवर्णन असायचंच की! बाग, झोपाळा, फुगेवाला, कोपऱ्यात कुत्रा. 'हे बागेचे चित्र आहे. बागेत मुले खेळत आहेत.' मग पाचवी-सहावीपासून आत्मवृत्तं आणि मनोगतं सुरू होतात, फाटकं पुस्तक बोलायला लागतं, आणि समोर दिसणाऱ्या गोष्टीवर लिहायची सवय मोडते ती मोडतेच. चित्रवर्णन लहान मुलांचं समजलं जातं, हे मला नेहमी उलटं वाटत आलंय.

अमेरिकेतला फोटो घेऊन वर्गाचं बोट धरता येतं, पण पुढचं चालणं आपल्याच रस्त्यावर व्हायला हवं, म्हणून दुसऱ्या कामासाठी मी मुलांना कॉलेजच्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स दिला. मोबाइलवर फोटो काढून आणायचा, आणि अट तीच: आधी दिसतं तेवढंच. 'राजकारण घाणेरडं आहे' असं लिहायचं नाही. ते फ्लेक्सवर कुठे छापलंय?

याद्या बघण्यासारख्या होत्या. वरच्या पट्टीत महापुरुष, एका ओळीत, छोटे. त्याखाली पक्षाचे मोठे नेते, गोल चौकटींत. मधोमध उत्सवमूर्ती, कमरेपर्यंत, पांढराशुभ्र शर्ट, गॉगल, हात जोडलेले. पाठीमागे सोनेरी किरणं. नावाआधी 'कार्यसम्राट', नावानंतर 'दादा'. तळाशी 'शुभेच्छुक', आणि पासपोर्ट फोटोंच्या तीन रांगा. एका मुलीने चक्क पट्टी लावून चेहऱ्यांची उंची मोजली होती. तिचं निरीक्षण असं, की महापुरुषांचा चेहरा उत्सवमूर्तीच्या गुडघ्याएवढाही भरला नसता, पण गुडघा फ्लेक्समध्ये आलेलाच नाही. वर्ग हसला. मग मागून एक जण म्हणाला, 'मॅडम, तळातले सगळे समोर बघतायत. एकटे दादाच वर बघतायत.'

या एका वाक्यावर बाकीचा तास गेला. तळातल्या पोरांसाठी हा फ्लेक्स कशाचा आहे? त्यांचा चेहरा चौकात लागलाय, गावाला दिसतोय, म्हणजे शुभेच्छा कुणी कुणाला दिल्या? किरणं कुठून आली? देवाच्या तसबिरीतून, असं दोघी-तिघींनी लिहिलं होतं. मग १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या रविवर्मा प्रेसबद्दल, छापील देव घरोघरी गेले त्याबद्दल बोलणं झालं. हे बाहेरचं वाचन. ते मुलांनी आपणहून मागितलं, कारण किरणांचं कोडं आधी पडलं होतं.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. मुलं आधीच वाचत नाहीत, त्यात तुम्ही पुस्तक काढून चित्र दिलंत. हे अर्धं खरं आहे. चित्र लावून गप्पा मारल्या, 'छान, छान' म्हटलं आणि तास संपवला तर लेखन तसूभरही सुधारत नाही. उलट प्रत्येक रंगाला काहीतरी 'प्रतीक' ठरवून टाकायची खोड लागते. काळा म्हणजे मृत्यू, हिरवा म्हणजे समृद्धी, संपलं. दुसरा आक्षेप लेखन कसं शिकवावं याच्या अमेरिकन अभ्यासक डायना जॉर्ज यांनी २००२ मध्ये मांडला, तो जास्त टोकदार आहे. लेखनाच्या वर्गात चित्र नेहमी मदतनीस म्हणून येतं, लिहायला काहीतरी विषय हवा म्हणून. मुलांना फक्त बघायला आणि तपासायला लावता, घडवायला का नाही? हे पटल्यापासून सत्राच्या शेवटी मी मुलांना एक फ्लेक्स बनवायला लावते, आणि सोबत एक पान: कुणाला कुठे बसवलं आणि का. पान लिहिणं फ्लेक्सपेक्षा अवघड जातं.

एक गोष्ट मला उशिरा शिकायला मिळाली. एका वर्षी वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी होता. माझी सगळी पद्धत 'बघा' या शब्दावर उभी, आणि मी आधी काहीच विचार केलेला नव्हता. त्यानेच तोडगा काढला. शेजारणीने वर्णन वाचून दाखवायचं आणि त्याने प्रश्न विचारायचे. 'हात गालाशी म्हणजे कसा? टेकलाय की झाकतोय?' त्याच्या प्रश्नांनी तिचं वर्णन चार वेळा बदललं. आता मी सगळ्यांनाच तसं करायला लावते. एकाने चित्राकडे पाठ करून बसायचं, दुसऱ्याने लिहून वाचून दाखवायचं, पहिल्याने ऐकून रेखाटायचं. कागद शेजारी ठेवले की कुठला शब्द कमी पडला ते आपोआप दिसतं.

कुणाला वर्गात करून बघायचं असेल तर 'मायग्रंट मदर' सरकारी काम असल्याने स्वामित्वहक्कातून मोकळं आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते मोठ्या आकारात मिळतं. मिळालं तर दोन्ही प्रती घ्या. मूळ फोटोत उजवीकडे खाली, तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा होता. तो लँग यांना खटकला आणि त्यांनी तो नंतर पुसून घेतला. पुसलेल्या प्रतीतही नीट पाहिलं तर अंधुकसा दिसतो. दहा मिनिटांत तो कुणालाच सापडत नाही. विसाव्या मिनिटाला सापडतो.

चौकातला फ्लेक्स पुढच्या आठवड्यात उतरला. त्या जागी एका कोचिंग क्लासचा लागला: वर संचालक कमरेपर्यंत, मागे किरणं, खाली पासपोर्ट फोटोंच्या चार रांगा, प्रत्येकाखाली टक्के. मुलांनी माझ्याआधी फोटो काढून ठेवले होते.